ॲफ्रोडाइटीचा उपासक घडवताना : फँटसी रोलप्लेइंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’च्या परिशिष्टात ग्रीक देवदेवतांची एक यादी आहे. तीत ॲफ्रोडाइटीच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : प्रेम आणि सौंदर्य यांची देवी, अलाइनमेंट (नैतिक कल) केऑटिक गुड, म्हणजे स्वच्छंद पण भली, डोमेन (देवतेचे शक्तिक्षेत्र) लाइट, चिन्ह समुद्रातील शिंपला. क्लेरिक, म्हणजे देवतेकडून शक्ती मिळवणारा पुजारी, हा क्लास (पात्राचा पेशा) निवडणारा नवा खेळाडू ही ओळ वाचतो आणि तेवढ्या भांडवलावर पात्र उभे करतो. ते पात्र बहुधा देखणे असते, भेटेल त्या पहारेकऱ्याशी लाडीगोडी करते, फाशावर मोठा आकडा पडला की समोरचा विरघळतो, आणि दोन-तीन सेशन झाली की त्या पात्राकडे करण्यासारखे काही उरत नाही. यात खेळाडूची कल्पनाशक्ती कमी पडते असे नाही. त्याच्या हाती मुळात सामग्रीच तुटपुंजी आलेली असते.

प्राचीन ग्रीकांना ठाऊक असलेली ॲफ्रोडाइटी याहून बरीच अवघड आहे आणि म्हणूनच खेळायला बरीच चांगली आहे. ती माणसांना एकमेकांत गुंतवते आणि त्या गुंत्याची किंमत वसूल करते. कधी गुंतलेल्यांकडून, कधी भोवतालच्या सगळ्यांकडून. तिच्या उपासकाचे काम या गुंत्याशी निगडित ठेवले, तर पात्राला हेतू, कर्तव्य आणि अडचणी या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात. पुढील पायऱ्या हे कसे साधावे ते सांगण्यासाठी आहेत. नियमांचे उल्लेख पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या पुस्तकांना धरून केले आहेत आणि २०२४ च्या सुधारित नियमांत जेथे महत्त्वाचा फरक आहे तेथे तो सांगितला आहे. पुस्तके विकत घेण्यापूर्वी अंदाज घ्यायचा असेल, तर २०२३ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेला ‘एसआरडी ५.१’ हा नियमसंच पुरेसा आहे. देवतांची वरील यादी त्यात आहे, मात्र क्लेरिकचे डोमेन त्यात फक्त लाइफ हेच आहे.

पहिली पायरी : देवीची ओळख करून घ्यावी

कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, हाती घेण्यापूर्वी तासभर मूळ कथांना द्यावा. सगळ्या कथा वाचण्याची गरज नाही. पुढील चार प्रसंग नीट समजले तरी पात्रासाठी पुष्कळ माल मिळतो.

पहिला प्रसंग जन्माचा. ग्रीक कवी हेसिअड याच्या सांगण्याप्रमाणे क्रोनसने आपला पिता युरेनस याचे लिंग कापून समुद्रात फेकले, त्याभोवती जमलेल्या फेसातून ॲफ्रोडाइटी जन्मली, किथीरा बेटाजवळून गेली आणि सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. होमरच्या काव्यात मात्र ती झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे. या दोन कथांतून एक निवडणे ही खेळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे, कारण पहिल्या कथेतील देवी झ्यूसपेक्षा जुनी आणि हिंसेतून उपजलेली ठरते, तर दुसरीतील देवी ऑलिंपसवरच्या कुटुंबातली, बापाचे ऐकून घेणारी लेक ठरते. आपले पात्र कोणती कथा खरी मानते ते ठरवावे. दुसरी कथा मानणारा उपासक त्याच मंदिरात भेटला, तर वादाचा एक प्रसंग फुकटात मिळतो.

दुसरा प्रसंग होमरच्या ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गातला आहे आणि माझ्या मते उपासक खेळणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी एवढे वाचावेच. हेलनला ट्रॉयला नेणारा राजपुत्र पॅरिस आणि तिचा आधीचा नवरा मेनेलेअस यांच्या द्वंद्वयुद्धात पॅरिस हरू लागतो, तेव्हा ॲफ्रोडाइटी त्याला धुक्यात लपेटून उचलते, त्याच्या शयनगृहात नेऊन ठेवते आणि म्हाताऱ्या कातिणीचे रूप घेऊन हेलनला बोलवायला जाते. हेलन तिला ओळखते. तिचा गळा, तिचे डोळे वेशांतरातही लपत नाहीत. मग हेलन देवीला सुनावते : तुला त्याचा एवढा पुळका असेल तर तूच जा, देवपण सोड, त्याच्याजवळ बसून त्याची काळजी वाहा; मी जाणार नाही. देवी संतापते आणि बजावते की, आज जितके प्रेम केले तितकाच द्वेष करीन, आणि मग ग्रीक व ट्रोजन या दोघांच्या कचाट्यात तुझा अंत होईल. हेलन घाबरते आणि डोक्यावरून वस्त्र ओढून मुकाट्याने निघते. देवीची कृपा लाभलेल्या माणसाचे देवीशी नाते कसे असते, ते या एका प्रसंगात सगळे आले आहे. तो देवीशी भांडू शकतो. मात्र ते भांडण जिंकण्याची आशा त्याने धरू नये.

तिसरा प्रसंग पाचव्या सर्गात येतो. आपला मुलगा इनीअस याला वाचवायला ॲफ्रोडाइटी रणात उतरते आणि डायोमीडीझ हा मर्त्य वीर तिच्या हातावर भाल्याने जखम करतो. ती ओरडून मुलाला टाकते, ऑलिंपसवर जाऊन आईच्या मांडीवर पडते, आणि झ्यूस हसून सांगतो की युद्ध हे तुझे काम नव्हे, तू लग्नकार्याचे पाहा. एवढ्यावरून ‘ही देवी लढाईला निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याचे कारण दुसऱ्या पायरीत येईल.

चौथा प्रसंग युरिपिडीझच्या ‘हिपॉलिटस’ या नाटकातला. हे नाटक इ.स.पू. ४२८ मध्ये अथेन्समध्ये सादर झाले. हिपॉलिटस हा शिकारीची कुमारी देवी आर्टेमिस हिचा निस्सीम भक्त असून ॲफ्रोडाइटीला तो तुच्छ लेखतो. देवी त्याच्यावर थेट वार करीत नाही; त्याची सावत्र आई फीड्रा हिच्या मनात ती त्याच्याविषयी अभिलाषा पेरते आणि त्यात दोघांचाही बळी जातो. फीड्राचा काही अपराध नाही, हे देवी आरंभीच्या भाषणात जवळपास कबूलच करते, आणि तरीही थांबत नाही. यादीतील ‘गुड’ या शब्दाशी हे कसे जुळवायचे, असा प्रश्न येथे पडणे योग्यच आहे. आपल्या पात्रालाही तो पडू द्यावा.

या शक्तीपुढे न झुकणाऱ्या देवी तीनच, असे ॲफ्रोडाइटीचे होमरीय स्तोत्र सांगते : अथीना, आर्टेमिस आणि हेस्टिया. त्याच स्तोत्रात झ्यूस तिच्यावर तिचेच शस्त्र उलटवतो आणि तिला अँकायसीझ या मर्त्य गुराख्याच्या प्रेमात पाडतो. मोहिमेतील, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेतील, दुसरा खेळाडू अथीनाचा पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) किंवा आर्टेमिसची रेंजर (रानात वावरणारी शिकारी) खेळत असेल, तर ही तीन नावे लक्षात ठेवावीत; दोन पात्रांतील ताणाचे बीज तेथे तयारच आहे.

दुसरी पायरी : देवीचे कोणते रूप, ते ठरवावे

ग्रीक माणूस नुसत्या ॲफ्रोडाइटीपुढे क्वचितच हात जोडत असे. तो एखाद्या गावच्या, एखाद्या बिरुदाच्या ॲफ्रोडाइटीकडे जाई. आपल्याकडे भवानी तुळजापूरची की प्रतापगडची, हे भक्त जसे सांगतो, तसेच. म्हणून कॅरेक्टर शीटवर देवतेच्या नावापुढे गाव आणि बिरुद लिहावे. पात्राचा बराचसा स्वभाव त्यातून येतो.

युरेनिया म्हणजे स्वर्गीय ॲफ्रोडाइटी. इतिहासकार हिरोडोटसच्या मते तिचे सर्वांत जुने मंदिर अश्कलॉनला होते, सायप्रसमधले मंदिर तेथूनच आले आणि किथीरावरचे फिनिशियन लोकांनी स्थापिले. पँडेमॉस म्हणजे सर्व जनांची. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये एका वक्त्याने तिला हलक्या, शारीर प्रेमाची देवी ठरवले आहे आणि पुष्कळ खेळाडू तेथेच थांबतात. पण पॉसेनिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने अथेन्समधली जी हकीकत नोंदवली आहे ती अधिक उपयोगाची आहे : पुराणकथांतील राजा थीसिअसने विखुरलेल्या गावांना एका नगरात आणले तेव्हा पँडेमॉस आणि पेइथो यांची पूजा सुरू केली. पेइथो ही मन वळवण्याची देवता. म्हणजे ही ॲफ्रोडाइटी नागरिकांना एकत्र बांधणारी आहे. तिचा उपासक तह घडवणारा, पंचायतीत बसणारा, भांडखोर टोळ्यांना एका पंगतीला आणणारा असू शकतो. राजकारणाच्या मोहिमेत यासारखे पात्र नाही.

युप्लोइया म्हणजे सुखरूप जलप्रवासाची देवी. तिचे मंदिर क्नीडॉसला होते आणि शिल्पकार प्रॅक्सिटेलिसने घडवलेली तिची प्रसिद्ध मूर्तीही त्याच नगरात होती. समुद्रातून आलेली देवी नाविकांची असावी हे ओघानेच आले, तरी खेळाडू हे रूप सहसा विसरतात. आपल्या पात्राचे मूळ इकडचे ठेवण्याची हौस असेल, तर तीही येथे नेटकी भागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण, सोपारे, पैठण आणि तेर यांचे उल्लेख आहेत, आणि पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाली आहे. कल्याणहून निघालेला आणि वादळातून वाचल्यावर युप्लोइयाला नवस फेडणारा खलाशी, ही पार्श्वभूमी त्यामुळे ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. मात्र ॲफ्रोडाइटी म्हणजे रती किंवा लक्ष्मी, असे समीकरण मांडून मोकळे होऊ नये. त्याने दोन्हीकडच्या कथांची धार जाते.

राहिली शस्त्रधारी ॲफ्रोडाइटी. स्पार्टामध्ये, किथीरावर आणि कॉरिंथच्या गडावर तिच्या सशस्त्र मूर्ती होत्या, असे पॉसेनिअस लिहितो. स्पार्टातील त्या मंदिराला वरचा मजला होता आणि तेथे ‘मॉर्फो’ या नावाची ॲफ्रोडाइटी डोक्यावर वस्त्र घेऊन, पायांत बेड्या घालून बसलेली होती. खाली शस्त्र आणि वर बेडी, एवढ्यावर एखाद्या डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) तळघर, कोडे आणि पहारेकरी यांसह अख्खे साहस रचता येईल.

याच पायरीवर डीएमला एक प्रश्न विचारून घ्यावा : या मोहिमेच्या जगात ॲफ्रोडाइटी आहे का? फरगॉटन रेल्म्सच्या जगात प्रेम आणि सौंदर्य यांची देवी सून आहे. लाल केसांच्या सुंदर स्त्रीचा चेहरा हे तिचे चिन्ह. तेथे ॲफ्रोडाइटी आणायची तर परकी देवी म्हणून आणावी लागेल, किंवा सूनच्या नावाखाली वरीलपैकी एखादे रूप वापरावे लागेल. थेरॉस हे २०२० मध्ये पुस्तकरूपाने आलेले जग ग्रीक पुराणांवर बेतलेले आहे, पण तेथील देवता वेगळ्या आहेत आणि ॲफ्रोडाइटी या नावाची देवी त्यांत नाही. त्या पुस्तकातील पायटी गुणांची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. देवीच्या मनासारखे वागले की गुण वाढतात, विरुद्ध वागले की घटतात, आणि ३, १०, २५ व ५० या टप्प्यांवर काही लाभ मिळतात.

तिसरी पायरी : क्लास आणि डोमेन

यादीप्रमाणे लाइट डोमेन घेतले तर खेळाडूला एक धक्का बसतो. प्रेमदेवीचा हा पुजारी पहिल्या लेव्हलला बर्निंग हँड्स आणि पाचव्या लेव्हलला फायरबॉल हे आगीचे मंत्र फेकू लागतो. हे चूक नाही, पण त्याचे स्पष्टीकरण आपल्याजवळ असावे. पॅफॉसच्या वेदीवरील अग्नीचे वर्णन पुढच्या पायरीत येते, ते येथे उपयोगी पडेल. लढाईत सोबत्यांच्या मागे उभे राहून त्यांना सांभाळायचे असेल तर लाइफ डोमेन सोपे आणि नवख्याला मानवणारे आहे. शस्त्रधारी रूपाला वॉर डोमेन शोभते. ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या २०२० च्या पुस्तकातील पीस डोमेन आशयाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे आहे. त्यातील एम्बोल्डनिंग बाँडमुळे निवडलेले सोबती एकमेकांपासून ३० फुटांच्या आत असेपर्यंत हल्ला, चाचणी किंवा बचाव यांत प्रत्येक टर्नला एकदा चार बाजूंच्या फाशाची भर घालू शकतात. हे डोमेन फार ताकदवान आहे अशी अनेक डीएमची तक्रार असते, म्हणून आधी परवानगी घ्यावी.

२०२४ च्या नियमांत डोमेन पहिल्याऐवजी तिसऱ्या लेव्हलला मिळते. पहिल्या लेव्हलला डिव्हाइन ऑर्डर निवडावी लागते. तीत प्रोटेक्टर घेतल्यास जड चिलखत आणि मार्शल शस्त्रे वापरता येतात, आणि किथीराची सशस्त्र देवी कोणतेही डोमेन न घेताही साकारते.

क्लेरिकच हवा असे नाही. ओथ ऑफ द एन्शंट्स घेतलेल्या पॅलाडिनची प्रतिज्ञाच मुळी प्रकाश, प्रेम, हास्य आणि सौंदर्य जपण्याची आहे. पेइथोकडे झुकणाऱ्याने कॉलेज ऑफ एलोक्वेन्सचा बार्ड, म्हणजे जादू जाणणारा गायक-कवी, पाहावा. ग्रीक कवयित्री सॅफोने इ.स.पू. ६०० च्या सुमारास रचलेल्या स्तोत्रात चिमण्यांनी ओढलेल्या रथातून येणाऱ्या ॲफ्रोडाइटीला ती शेवटी विनवते की, माझ्या बाजूने लढायला ये, माझी सहयोद्धा हो. बार्ड उपासकाची प्रार्थना कोणत्या सुरातली असावी, ते यावरून ताडता येते.

क्लेरिकच्या स्पेलपैकी (मंत्रांपैकी) सँक्च्युअरी, काम इमोशन्स, झोन ऑफ ट्रुथ आणि वॉर्डिंग बाँड ही चार या पात्राला विशेष शोभतात. वॉर्डिंग बाँडसाठी प्रत्येकी ५० सुवर्णमुद्रांच्या प्लॅटिनमच्या दोन अंगठ्या लागतात. त्या दोघांनी घालायच्या, आणि मग सोबत्याला बचावात एकची भर व माराला रेझिस्टन्स मिळतो, म्हणजे इजा निम्मीच होते. त्याला जेवढी इजा होईल तेवढी मात्र स्पेल टाकणाऱ्यालाही होते. या देवीच्या उपासकाचा सगळा स्वभाव या एका स्पेलमध्ये आहे. अंगठ्या लुटीतून मिळण्याची वाट न पाहता त्यांच्यासाठी पहिल्या लेव्हलपासूनच पैसे बाजूला ठेवावेत.

चौथी पायरी : पूजा, नवस आणि ऋण

उपासक म्हटला की तो काहीतरी करतो. ते काय, हे ठरवावे. सायप्रसमधील पॅफॉस येथे देवीची मानवी मूर्ती नव्हती. खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला एक दगड हीच देवी होती. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की तिच्या वेदीवर रक्त सांडण्यास मनाई होती, प्रार्थना आणि शुद्ध अग्नी एवढेच तिला चालत असे, आणि वेदी उघड्यावर असूनही पावसाने कधी भिजत नसे. आपल्या पात्राने प्रवासात मुठीएवढा निमुळता दगड जवळ बाळगावा, मुक्कामाच्या ठिकाणी तो मांडून त्याला तेल लावावे, समोर धूप जाळावा आणि लढाईनंतर हात धुतल्याशिवाय त्याला शिवू नये. टेबलावर एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते, पण दर मुक्कामाला ते घडले की इतर खेळाडूही त्याची दखल घेऊ लागतात. खुणा म्हणून कबूतर, मर्टलची डहाळी, गुलाब, सफरचंद, आरसा आणि शिंपला यांतील एक-दोन पुरेत; सगळ्या घेतल्या तर पात्राचे दुकान होते.

सण हवा असेल तर अडोनिया घ्यावा. देवीचा लाडका अडोनिस रानडुकराच्या हल्ल्यात मेला, त्याचा हा शोकोत्सव. अथेन्समधील बायका कुंड्यांत लेट्यूस आणि बडीशेप पेरीत, त्या घराच्या छपरावर नेऊन ठेवीत. रोपे भराभर उगवत आणि तितक्याच लवकर सुकून जात, आणि छपरावरून आक्रोश ऐकू येई. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवरील मोहिमेची तयारी चालू असताना हा शोक नगरात घुमत होता आणि पुढे त्या मोहिमेचा सर्वनाश झाल्यावर लोकांना तो अपशकुन वाटला, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. मोठ्या स्वारीच्या आदल्या रात्रीसाठी डीएमला याहून चांगली पार्श्वभूमी मिळणार नाही.

कॉरिंथच्या मंदिरात हजारावर देवदासी गणिका होत्या, हे प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोचे विधान बऱ्याच खेळाडूंच्या कानावर असते आणि ‘मंदिर म्हणजे कुंटणखाना’ अशी कल्पना त्यावरून रूढ झाली आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी या विधानावर गंभीर शंका घेतली आहे. इतिहास बाजूला ठेवला तरी खेळात त्या कल्पनेने काही साधत नाही. मंदिराला न्यायालय, बंदरावरचा दीपस्तंभ किंवा शरणागतांचे आश्रयस्थान केले की तेथे पुन्हा पुन्हा यावे लागते.

आता उदाहरणादाखल एक पात्र घडवू. मेलित्ता ही किथीरा बेटावरील तरुणी, तिचे घराणे समुद्री शंखांपासून जांभळा रंग काढणारे. कुजवलेल्या शंखमांसाचा वास तिच्या कपड्यांना कायमचा लागला आहे, नखांच्या कडा जांभळ्या आहेत, आणि ‘प्रेमदेवीची पुजारीण’ म्हणून तिची ओळख करून दिली की लोक आधी नाक दाबतात. करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) १२ ठेवावा, विस्डम (शहाणपण) १६. देवी सशस्त्र, डोमेन वॉर. आणि तिच्या डोक्यावर एक ऋण आहे. दोन वैरी घराण्यांत तिने मध्यस्थी करून लग्न लावले, देवीसमोर जामीन राहिली, आणि नवरदेव सहा महिन्यांत जहाजावर चढून पळाला. वैर पुन्हा पेटायच्या आत त्याला शोधायचे आहे. लक्षात घ्यावे की या पार्श्वभूमीत मेलित्ताचे स्वतःचे प्रेमप्रकरण कोठेही नाही, आणि तरी ती नखशिखांत ॲफ्रोडाइटीची आहे.

पाचवी पायरी : टेबलावर आधी बोलून घ्यावे

प्रेमदेवीचा विषय आला की प्रणय, लैंगिकता आणि जबरदस्ती हे विषय दाराशी येतात, आणि टेबलाभोवती बसलेल्यांत कोणी नवखे, कोणी अल्पवयीन, कोणी अनोळखी असू शकते. म्हणून पहिल्या खेळापूर्वीच्या बैठकीत, म्हणजे सेशन झीरोमध्ये, मर्यादा ठरवाव्यात. खेळात मुळीच येणार नाहीत असे विषय ‘लाइन्स’ म्हणून लिहावेत. कथेत घडले तरी वर्णन न करता पडदा टाकायचा असे विषय ‘व्हेल्स’ म्हणून लिहावेत. खेळ चालू असताना कोणालाही अडचण वाटली तर टेबलावर ठेवलेल्या, X अक्षर लिहिलेल्या एक्स-कार्डाला हात लावावा. कारण न विचारता तो भाग गाळावा. मुले खेळत असतील तर मी सरसकट सांगेन की प्रणय पूर्ण वगळावा. तह, मैत्री, भावंडे, मायलेकी आणि समुद्र एवढ्यावर हे पात्र उत्तम चालते.

दुसरा करार चार्म जातीच्या जादूविषयी हवा. चार्म पर्सनचा अंमल झाला तर समोरचा आपल्याला ओळखीचा मित्र मानतो आणि अंमल संपताच आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळते. प्रेम निर्माण करण्याची शक्ती त्या स्पेलमध्ये नाही. फिल्टर ऑफ लव्ह हे पेय मात्र तासभर खरेच मोहात पाडते, आणि म्हणूनच ते खेळाडूच्या हाती न देता खलनायकाच्या हाती शोभते. नियम बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. २०२० च्या आरंभी क्लेरिकसाठी ‘लव्ह’ नावाचे डोमेन चाचणीसाठी प्रसिद्ध झाले, इतरांच्या मनावर ताबा मिळवण्याला प्रेम म्हणावे का अशी टीका लगेच झाली, आणि त्याचे नाव बदलून ‘युनिटी’ केले गेले. आपल्या टेबलावर साधा नियम ठेवावा : एका खेळाडूच्या पात्राने दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला त्या खेळाडूच्या संमतीशिवाय मोहात पाडायचे नाही, मग फासा वीस दाखवो.

सहावी पायरी : प्रत्यक्ष खेळताना

पर्स्वेजनच्या (मन वळवण्याच्या) चाचणीने काय ठरते, ते डीएमने फासा टाकण्याआधी सांगावे. माणूस ऐकून घ्यायला बसेल की नाही, एवढेच फाशाने ठरवावे. त्याच्या मनात काय आहे ते डीएमने आधीच ठरवून ठेवावे. मेलित्ताला तो पळालेला नवरदेव एका बंदरात, पाल शिवणाऱ्यांच्या कोठारात सापडला असे समजू. डीएम सांगतो : डीसी (गाठायचा आकडा) १५, जमले तर तो थांबेल, नाही तर मागच्या दाराने पळेल. मेलित्ताचे १७ येतात. तो थांबतो, पण परत यायला तयार नाही.

येथे नवखा खेळाडू पुन्हा पर्स्वेजनचा फासा मागतो. त्याऐवजी मेलित्ता झोन ऑफ ट्रुथ टाकते आणि स्वतःही त्या वर्तुळात बसते. नियमाप्रमाणे वर्तुळात असलेल्या प्रत्येकाला बचावाचा फासा टाकावा लागतो, त्यात तीही आली. दोघेही फासा चुकतात, आणि पुढची दहा मिनिटे दोघांनाही जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. तो सांगतो की लग्नाच्या रात्रीच सासऱ्याच्या माणसांनी त्याला मारायचा बेत केला होता आणि ते बायकोनेच त्याला कळवले. मग तो तिला विचारतो, ‘हे लग्न तू आमच्यासाठी लावलेस की तुझ्या देवळाचे नाव व्हावे म्हणून?’ खोटे बोलता येत नसताना या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, ते खेळाडूने ठरवायचे आहे. गप्प बसण्याची मुभा आहे, पण ते गप्प बसणेही समोरच्याला समजते.

डीएमने अशा वेळी देवीला बोलू द्यावे, पण तुरळक आणि हेलनच्या प्रसंगातल्यासारखे. एखादी म्हातारी कातीण, भलतीच तुकतुकीत मान असलेली, कोठाराच्या दाराशी बसलेली दिसावी आणि तिने एकच मागणी करावी. मागणी पाळणे अवघड हवे. न पाळल्यास काय होईल हेही स्पष्ट हवे. पायटीचे गुण वापरत असाल तर घेतलेला शब्द पाळल्यास एक वाढवावा आणि दोघांना जबरीने एकत्र ठेवल्यास एक कमी करावा. मूळ कथांतील देवी स्वतः हा नियम पाळत नाही, हे खरे. उपासकाला तो पाळावा लागतो आणि देवीला नाही, यातून पुढे बरेच संवाद निघतात.

वरच्या लेव्हलला एक प्रश्न हमखास येतो. नवव्या लेव्हलला क्लेरिकला रेझ डेड मिळते; ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा असला की दहा दिवसांच्या आत मेलेला सोबती परत आणता येतो. बहुतेक टेबलांवर हा व्यवहार हिरा खर्ची टाकून उरकतो. ॲफ्रोडाइटीच्या उपासकाला तसे सुटू देऊ नये, कारण तिने स्वतः अडोनिसला गमावले आहे आणि त्याच्यासाठी पाताळाची राणी पर्सेफनी हिच्याशी तिचा वादही झाला आहे. एका कथेप्रमाणे झ्यूसने त्याच्या वर्षाचे तीन भाग केले : एक त्याचा स्वतःचा, एक पर्सेफनीचा, एक ॲफ्रोडाइटीचा, आणि अडोनिसने आपला भागही ॲफ्रोडाइटीलाच दिला. परत आलेल्या पात्राबाबत हीच वाटणी लावावी. वर्षातील चार महिने ते पात्र पाताळाच्या राणीचे. ते कोणते, हे त्या पात्राच्या खेळाडूने निवडावे, आणि त्या काळात त्याने दुसरे पात्र खेळावे.